आठवणींतला डिटेक्टिव्ह: चँग अपाना

आठवणींचें वाङ्मय मराठी वाचकास नवें नाहीं. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' प्रसिद्ध केल्या, स. वि. बापट यांनीं १९२३ पासून लोकमान्यांच्या आठवणी व आख्यायिका तीन खंडांत गोळा केल्या. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नीं तर या प्रकारास साहित्याच्या पंक्तींत मानाचें पान मिळवून दिलें. परंतु या तिन्ही ठिकाणीं ज्या पुरुषाची आठवण काढावयाची तो बोलका होता. तो निबंध लिहीत होता, अग्रलेख लिहीत होता, कविता करीत होता. त्याच्या सार्वजनिक जीवनाचीं दुसरीं साधनें भरपूर होतीं. आठवणींनीं त्यांवर घरगुती रंग चढविला, एवढेंच. ज्याचा धंदाच मुळीं न बोलण्याचा, ज्यानें स्वतःविषयीं एक ओळही लिहून ठेविली नाहीं, अशा माणसाची आठवण कोणी काढावी, आणि काढलीच तर ती कितपत खरी मानावी? हा प्रश्न सोपा नाहीं, आणि त्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं. एका चिनी डिटेक्टिव्हच्या चरित्राच्या निमित्तानें तो येथें करावा असा आमचा हेतु आहे.

गुन्ह्यांचा तपास करणारा अधिकारी पेन्शनीवर आला म्हणजे त्याच्या कीर्तीपुढें तीन वाटा असतात. पहिली वाट स्वतःच लेखणी उचलण्याची. कलकत्त्याच्या पोलिसखात्यांतील प्रियनाथ मुखोपाध्याय यांनीं तर नोकरींत असतांनाच, १८९२ पासून, 'दारोगार दप्तर' या मालेंत आपले तपास बंगालींत लिहावयास आरंभ केला. डॉक्टर क्रिपेन यास १९१० सालीं जहाजावर जाऊन पकडणारा वॉल्टर ड्यू यानें १९३८ सालीं आत्मवृत्त छापलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'मीं क्रिपेनला पकडलें' असा आहे. त्यांतील पहिला शब्द 'मीं' हा आहे, हें वाचकानें विसरूं नये. दुसरी वाट गप्प बसण्याची. मग त्याच्या कामास साक्षी उरतात ते कचेरींतले कागद. आणि कागद हा असा साक्षीदार आहे कीं, तो विचारलेल्या प्रश्नापलीकडे एक अक्षर बोलत नाहीं. तिसरी वाट त्याच्या हातची नसते. त्याच्या पश्चात् मुलें, पुतणे, शेजारी, जुने सोबती त्याच्याविषयीं बोलूं लागतात, आणि त्या बोलण्यांतून हळूहळू एक मूर्ति उभी राहते. त्या मूर्तींत खरा माणूस किती आणि बोलणारांचा जिव्हाळा किती, हें निवडून काढणें हेंच चरित्रकाराचें खरें काम होय.

होनोलुलूचा डिटेक्टिव्ह चँग अपाना याची मूर्ति या तिसऱ्या प्रकारची आहे. तिचा शोध युंते हुआंग या ग्रंथकारानें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'चार्ली चॅन' या ग्रंथांत घेतला आहे. हुआंग यांचा जन्म चीनमधला. १९९१ सालीं ते अमेरिकेस गेले आणि पुढें कॅलिफोर्नियांत इंग्रजीचे प्राध्यापक झाले. या ग्रंथास २०११ सालीं अमेरिकेंतील रहस्यकथाकारांच्या संस्थेचें एडगर पारितोषिक मिळालें. अपाना यास चिनी व इंग्रजी या दोन्ही भाषा लिहितां-वाचतां येत नव्हत्या. ज्याच्या तोंडचे शब्द त्याच्याच हातानें कागदावर उतरलेले नाहींत, अशा माणसाचें चरित्र आप्तांच्या आठवणी, खात्यांतील सहकाऱ्यांच्या कथा आणि तत्कालीन वर्तमानपत्रांतील मजकूर यांवरून रचणें, हें काम धाडसाचें आहे, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे.

चरित्राचा सांगाडा थोडक्यांत असा. सुमारें १८७१ सालीं हवाईच्या ओआहू बेटावर, उसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्या चिनी माणसांच्या वस्तींत याचा जन्म झाला. मूळ नांव 'आ पिंग'. हवाईच्या लोकांच्या तोंडीं त्याचें 'अपाना' झालें. लहानपणीं आईबापांबरोबर तो चीनला परतला आणि दहा वर्षांचा असतांना पुन्हां हवाईला आला. तरुणपणीं तो तेथल्या गुराख्यांत वाढला, घोड्यावर बसण्यांत आणि आसूड चालविण्यांत तरबेज झाला. १८९७ सालीं मुक्या जनावरांवरील क्रूरतेस आळा घालण्यासाठीं होनोलुलूंत जी संस्था होती, तिनें याला अंमलदार नेमलें. म्हणजे ज्याच्या हातांतल्या आसुडाची पुढें दंतकथा झाली, त्याची पहिली नेमणूक घोड्यांना चाबकानें झोडपणाऱ्या गाडीवानांस धरण्यासाठीं होती. १८९८ सालीं तो पोलिसांत शिरला आणि १९३२ सालीं, चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर, निवृत्त झाला. पुढच्याच वर्षीं तो वारला. उंची जेमतेम पांच फूट, अंग सडपातळ, हातांत पिस्तुलाऐवजीं आसूड, आणि कपाळावर भुंवईजवळ एक खोल व्रण. हीच मूर्ति सर्व आठवणीकारांनीं एकमुखानें वर्णिली आहे.

आतां या आठवणींची परीक्षा करूं. अपानाची सर्वांत प्रसिद्ध कथा जुगाऱ्यांची आहे. एका रात्रीं चिनी वस्तींतल्या एका जुगाराच्या अड्ड्यावर हा एकटाच शिरला, आणि केवळ आसुडाच्या जोरावर सगळ्या जुगाऱ्यांना रांगेनें चालवीत ठाण्यावर घेऊन आला. जुगारी किती होते? कोणी चाळीस सांगतात, कोणी सत्तर. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हा फरक फार मोठा वाटेल आणि तो लागलीच कथा खोटी ठरवावयास निघेल. आमच्या मतें तें घाईचें होईल. आंकडा वाढला म्हणून घटना घडलीच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, ती घटना पुष्कळांनीं, पुष्कळ वेळां, आवडीनें सांगितली. आपल्याकडे बापटांच्या संग्रहाच्या नांवांतच 'आठवणी'च्या शेजारीं 'आख्यायिका' हा शब्द आहे. त्या दोहोंमधली भिंत किती पातळ असते हें त्या संग्राहकास पक्कें ठाऊक असावें. डिटेक्टिव्हच्या बाबतींत ती भिंत आणखीच पातळ असते, कारण जो खरा साक्षीदार तो स्वतः बोलत नाहीं, आणि जे बोलतात त्यांनीं तें दृश्य पाहिलेलें नसतें.

याच्या उलट एक लहानशी कथा आहे, तिला आम्ही अधिक मोल देतों. खुनाच्या एका तपासांत अपानानें एका संशयिताच्या पायांकडे पाहिलें. त्या सकाळीं त्या इसमाच्या पायांत नवे जोडे होते. आजच नवे जोडे कां, एवढाच प्रश्न त्यानें विचारला आणि गुन्हा उकलला. या कथेंत आसूड नाहीं, रांग नाहीं, आंकडा नाहीं. म्हणून तींत वाढावयास जागाही नाहीं. माणसाच्या हातांपेक्षां त्याचे डोळे येथें दिसतात. आठवणी सांगणारांना पराक्रम सांगण्याची हौस असते. पण ज्या आठवणींत पराक्रम नाहीं, तिच्यांतच बहुधा माणूस सांपडतो. रमाबाईंच्या पुस्तकांत न्यायमूर्तींची विद्वत्ता सांगणारी पानें आज कोणाला फारशीं आठवत नसतील. पण बायकोनें लिहावयास शिकावें म्हणून घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसणारा नवरा, आणि तो रोष प्रत्यक्ष झेलणारी मुलगी, हीं दोघें कोणीही विसरलेलें नाहीं.

कपाळावरच्या व्रणाची हकीकत मात्र आम्हांस अधिक विचार करावयास लावते. महारोग झालेल्या एका जपानी माणसास पकडावयास अपाना गेला असतां त्या माणसानें कोयत्यानें त्याच्यावर वार केला. हा व्रण त्याचा. ही कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि वार झेलूनही माघार न घेणाऱ्या माणसाचें शौर्य कोण नाकारील? पण पकडावयास कशासाठीं गेला होता? हवाईंत १८६५ सालीं असा कायदा झाला होता कीं, महारोग्यांना घरांतून काढून मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा येथील वस्तींत नेऊन ठेवावें. १८६६ पासून १९६९ पर्यंत सुमारें आठ हजार माणसें तेथें धाडलीं गेलीं. त्यांतलीं बहुतेक पुन्हां घरीं आलीं नाहींत. म्हणजे त्या दिवशीं दारांत उभ्या असलेल्या डिटेक्टिव्हकडे त्या रोग्यानें पाहिलें तेव्हां त्याला आपल्या बायकामुलांपासून कायमचें तोडणारा हात दिसला. चोराच्या हातांतला कोयता आणि या माणसाच्या हातांतला कोयता यांत फरक आहे. अपानाच्या घरचे लोक तो व्रण रोज पाहत होते. त्यांच्या आठवणींत तो व्रण बापाच्या, चुलत्याच्या कर्तव्यनिष्ठेचें चिन्ह होऊन राहिला, आणि तसेंच होणें स्वाभाविक आहे. परंतु त्या रोग्याच्याही घरीं कोणी तरी असेल, आणि त्याचीही एक आठवण असेल. ती कोणत्याही चरित्रांत येत नाहीं. कुटुंबाच्या आठवणींवर रचलेल्या चरित्रांतली सर्वांत मोठी उणीव ही. त्या आठवणी खोट्या असतात असें नव्हे; त्या नेहमीं दाराच्या एकाच बाजूच्या असतात.

हाच विचार दुसऱ्या एका प्रसंगीं अधिक तीव्रतेनें मनांत येतो. १८९९ च्या डिसेंबरांत होनोलुलूच्या चिनी वस्तींत प्लेग शिरला. रोगट घरें जाळून टाकण्याचा अधिकाऱ्यांनीं हुकूम केला. २० जानेवारी १९०० रोजीं अशीच लावलेली एक आग वाऱ्यानें आवरेनाशी झाली आणि बहुतेक सगळी वस्ती भस्म झाली. हजारों माणसें बेघर होऊन पहाऱ्याखालीं छावण्यांत राहिलीं. ज्या महाराष्ट्रानें १८९७ चा पुण्याचा प्लेग, घराघरांत शिरणारे सोजीर आणि त्यांतून उसळलेला संताप अनुभवला, त्याच्या वाचकांस हें चित्र परकें वाटणार नाहीं; तोच रोग तेव्हां बंदरोबंदरीं हिंडत होता. अपाना या वेळीं दीड-दोन वर्षांचा नवा पोलीस होता, आणि पोलिसांच्या त्या तुकडींत, जिच्यांत मुख्यतः हवाईचे देशी लोक आणि वर गोरे अधिकारी होते, चिनी म्हणून तो जवळजवळ एकटाच. त्याची गस्तीची जागा हीच वस्ती. एकीकडे आपले भाषाबंधु, दुसरीकडे ज्याचें मीठ खाल्लें तें सरकार. त्यांतून हवाई त्याच १८९८ सालीं अमेरिकेनें आपल्या राज्यास जोडलेली, आणि चिनी मजुरांस बंदी करणारा अमेरिकेचा कायदा तेथेंही लागू झालेला. या कोंडींत सांपडलेल्या माणसाला रात्रीं झोंप कशी लागत असेल? आसुडाच्या कथा या प्रश्नाचें उत्तर देत नाहींत. हुआंग यांनीं त्या काळची पार्श्वभूमि उत्तम उभी केली आहे, आणि वाचकास हा प्रश्न सुचतो तो त्यांच्यामुळेंच, हें त्यांचें मोठें श्रेय आहे.

आप्तांच्या आठवणींहूनही बलवत्तर अशी एक गोष्ट अपानाच्या वाट्यास आली, ती म्हणजे कादंबरी. अर्ल डेर बिगर्स या अमेरिकन लेखकानें १९२५ सालीं 'द हाउस विदाउट अ की' या कादंबरींत चार्ली चॅन नांवाचा होनोलुलूचा चिनी डिटेक्टिव्ह निर्माण केला, आणि पुढें आणखी पांच कादंबऱ्यांत त्याला वागविला. होनोलुलूच्या वर्तमानपत्रांत अपानाचें नांव वाचल्यावरून ही कल्पना सुचली, असें बिगर्स सांगत असे. १९२८ सालीं दोघांची भेट झाली. आतां हा चार्ली चॅन पहा: लठ्ठ, अतिनम्र, मोडक्या इंग्रजींत सुभाषितें बोलणारा, पुष्कळ मुलांचा बाप. आणि अपाना पहा: किडकिडीत, चपळ, आसूडधारी. दोघांत साम्य शोधावयाचें तर शहराचें आणि जातीचें. तरीही होनोलुलूचे लोक अपानाला 'चार्ली चॅन' म्हणूं लागले, आणि म्हाताऱ्याला तें आवडूं लागलें. १९३१ सालीं 'द ब्लॅक कॅमल' या चित्रपटासाठीं, स्वीडनमध्यें जन्मलेला आणि चॅनचें सोंग घेणारा नट वॉर्नर ओलंड होनोलुलूस आला, तेव्हां त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या अपानाचें छायाचित्र घेतलें गेलें. खरा डिटेक्टिव्ह आणि त्याच्या जागीं जगानें मान्य केलेला खोटा डिटेक्टिव्ह असे दोघे एकाच चित्रांत आले, आणि खरा त्यांत संतोषानें उभा आहे.

या संतोषाचा अर्थ काय लावावा? अमेरिकेंतील चिनी वंशाच्या पुढच्या पिढीनें चार्ली चॅनला आपल्या जातीची विटंबना मानलें, आणि तें मानण्यास सबळ कारणें होतीं. गोऱ्या नटानें तोंड रंगवून चिनी माणसाची नक्कल करावी, यांत अपमान नाहीं असें कोण म्हणेल? १९९३ सालीं आशियाई वंशाच्या अमेरिकन लेखकांच्या कथांचा एक संग्रह निघाला, त्याचें नांवच 'चार्ली चॅन मेला' अशा अर्थाचें होतें. पण ज्याच्या नांवावर हें सगळें उभें राहिलें तो म्हातारा मात्र त्या टोपणनांवानें हाक मारली तर खूष होत असे. त्याला तो अपमान कळला नाहीं असें म्हणणें म्हणजे त्याला मूर्ख ठरविणें. चौतीस वर्षें माणसांचे चेहरे वाचणारा माणूस इतका मूर्ख नसतो. आम्हांस असें वाटतें कीं, ज्याच्या कामाची नोंद करावयास त्याच्या खात्याला फारसा उत्साह नव्हता, त्याला कोणीतरी, कोठेंतरी, कांहीं तरी नांवानें ओळखतें आहे, एवढ्यानेंच समाधान झालें असावें. कीर्ति मागून मिळत नाहीं. जी मिळते ती कित्येकदां दुसऱ्याच्या मापाची शिवलेली असते, आणि माणूस ती अंगावर घालून फिरतो.

तुलनेसाठीं लंडनचा जॅक विचर घ्या. १८४२ सालीं स्थापन झालेल्या स्कॉटलंड यार्डच्या पहिल्या डिटेक्टिव्ह तुकडींतला हा नामांकित माणूस. १८६० सालीं रोड या खेड्यांतील एका संभावित घरांत लहान मुलाचा खून झाला. विचरनें त्याच घरांतल्या मुलीवर, कॉन्स्टन्स केंट हिच्यावर, संशय घेतला, आणि मध्यमवर्गाच्या उंबरठ्याआंत शिरण्याचें धाडस केल्याबद्दल सगळ्या देशाची शिवीगाळ खाल्ली. १८६४ सालीं तो खचून निवृत्त झाला. १८६५ सालीं त्या मुलीनें गुन्हा कबूल केला. विल्की कॉलिन्सच्या 'मूनस्टोन' या १८६८ च्या कादंबरींतील सार्जंट कफ बऱ्याच अंशीं त्याच्यावरून उतरविला आहे. केट समरस्केल या लेखिकेनें २००८ सालीं त्याचें चरित्र लिहिलें, तें कागदपत्रांच्या आधारावर. तें पुस्तक रचनेच्या दृष्टीनें हुआंग यांच्या पुस्तकाहून भक्कम आहे. प्रत्येक तारीख जागच्या जागीं आहे. परंतु विचर जेवतांना कसा बसे, कोणाला हांक मारी, कशानें हंसे, याचा पत्ता वाचकास फारसा लागत नाहीं. अपाना अंधुक आहे पण हलतो. विचर स्पष्ट आहे पण दूर उभा आहे. कागद आणि आठवण यांतील भेद याहून नेमका दाखवितां येणार नाहीं.

आतां हुआंग यांच्या ग्रंथाचे दोष सांगणें प्राप्त आहे. पहिला दोष असा कीं, ग्रंथकार स्वतः पुष्कळदां पुढें येतो. आपण ह्या कादंबऱ्यांच्या प्रती कोठें विकत घेतल्या, अमेरिकेंत पोट भरण्यासाठीं हॉटेल कसें चालविलें, हें सारें वाचनीय आहे. पण ज्याला आपली कथा सांगतां येत नाहीं अशा माणसाच्या घरीं जाऊन आपलीच कथा फार वेळ सांगूं नये. दुसरा दोष, अपाना मध्येंच रंगभूमीवरून नाहींसा होतो आणि बिगर्स व सिनेमा यांचेंच राज्य सुरूं होतें. तिसरा आणि सर्वांत मोठा: अपानाच्या घरांतल्या बायकांचा आवाज आम्हांस या ग्रंथांत फार थोडा ऐकूं आला. रात्रीं-अपरात्रीं येणाऱ्या नवऱ्यासाठीं जेवण कोणी झांकून ठेवलें, त्याच्या जखमा कोणी धुतल्या, आणि आज तो परत येईल कीं नाहीं या विचारानें दिवा कोणी जळत ठेवला, हें सांगणारी व्यक्ति पुतण्या किंवा सहकारी नव्हे. लक्ष्मीबाईंनीं आपल्या नवऱ्याचा राग, हट्ट, विसराळूपणा आणि मोठेपणा हीं सगळीं एकाच तोंडानें, हंसत हंसत सांगितलीं. म्हणून टिळक आपल्यापुढें जिवंत उभे राहतात. प्रेम आणि तक्रार एकाच वाक्यांत मावते ती आठवण विश्वासार्ह समजावी, अशी आमची कसोटी आहे. निव्वळ स्तुति करणारी आठवण म्हणजे पानसुपारीच्या प्रसंगींचें भाषण होय.

तरीही दोष सांगून झाल्यावर या ग्रंथाविषयीं आदरच उरतो. डिटेक्टिव्हच्या घरच्या माणसांना त्याच्या कामांतलें कांहीं दिसलेलें नसतें. तो काय करतो हें घरीं सांगण्याची त्याला मुभा नसते, आणि बहुधा इच्छाही नसते. घरच्यांस दिसतो तो कामाचा शेष: फाटलेला कोट, कपाळावरची पट्टी, जेवतां जेवतां एकाएकीं आलेलें मौन. या शेषावरून त्यांनीं मूर्ति घडविली तर ती सदोष होणारच. पण त्यांनीं ती घडविली नसती, तर अपानाच्या नांवापुढें एक आसूड, एक छायाचित्र आणि दुसऱ्याच कोणाचा चार्ली चॅन एवढेंच उरलें असतें.

आपल्याकडे अर्नाळकरांचा झुंजार ज्यांना तोंडपाठ होता, त्यांना आपल्याच शहरांतल्या एखाद्या खऱ्या तपासनिसाचें नांव विचारलें असतें तर सांगतां आलें असतें असा भरंवसा आम्हांस नाहीं. कल्पित डिटेक्टिव्ह आम्ही हौसेनें पाळले. खरे डिटेक्टिव्ह पेन्शन घेऊन गल्लीच्या टोकाला राहिले, सकाळीं देवळाच्या पाराशीं बसले, आणि एके दिवशीं गेले. त्यांच्या घरीं अजून कोणी मुलगी, सून, भाचा असेल. त्यांनीं पराक्रम सांगावे असें आम्ही म्हणत नाहीं. ते वर्तमानपत्रांत थोडेफार आलेले असतात. त्यांनीं जोडे, कोट, पथ्य, राग, कोणत्या खटल्यानंतर किती दिवस बोलणें बंद होतें, असें लहानसहान सांगावें. आणि तें ऐकून घेणारानें एक प्रश्न स्वतःला आठवणीनें विचारावा: ज्या दारावर यानें थाप मारली, त्या दाराच्या आंत कोण होतें? या दोन्ही बाजू ज्या चरित्रांत येतील, तें चरित्र वाचावयास आम्ही उत्सुक आहों.